दोन गावठाणं

आमच्या गावाला दोन गावठाणं आहेत. एकात माणसं राहतात, दुसऱ्यात वेड्या बाभळी. दोन्हींच्या मधलं अंतर पावणेदोन किलोमीटर, चालत वीस-पंचवीस मिनिटं. जुन्या गावात आता मारुतीचं देऊळ तेवढं उभं आहे, तेही नंतर बांधलेलं. शनिवारी तिथं नारळ फोडायला जातो. पायाखाली जो उंचवटा लागतो तो कुणाच्या घराचा, हे आमच्या वयाच्या माणसाला अजून सांगता येतं. तिशीच्या आतल्या पोरांना ते नुसतं रान.

गावाचं नाव लिहीत नाही. लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या बाजूला, तेरणेच्या खोऱ्यात, एवढं पुरे. त्यावेळी लोहारा तालुका नव्हता, आम्ही उमरग्यात मोडायचो. नाव न लिहिण्याचं कारण असं की पुढं जे सांगणार आहे त्यातली बरीच माणसं जिवंत आहेत अन रोज पारावर भेटतात.

हे लिहायचं निमित्त झाला माझा पुतण्या. धाकट्या भावाचा पोरगा. पुण्यात तीन वर्षं काढून परत आला, आता घरीच बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. एका संध्याकाळी ओट्यावर मोठ्यानं पाठ करत बसला होता. मी म्हणलं, "काय वाचूलालास रं?"

"लोकप्रशासन आण्णा. निर्णयप्रक्रिया. अधिकारी निर्णय कसे घेतात ते."

मी दहावी शिकलेला माणूस, पण ह्या विषयात मला रस वाटला. म्हणलं, मोठ्यानं वाच. त्यानं वाचलं. पहिल्यांदा प्रश्न काय आहे ते ओळखायचं. मग माहिती गोळा करायची. मग पर्याय काढायचे, प्रत्येकाचा नफा-तोटा मांडायचा, त्यातला सगळ्यात चांगला निवडायचा, अंमल करायचा आणि शेवटी आढावा घ्यायचा.

"ह्याला दिवस किती धरलेत?" मी विचारलं.

पोरगं हसलं. "दिवस नाहीत धरलेले आण्णा."

मग जरा थांबून त्यानं मलाच विचारलं, "आपलं गाव हिकडं आणायचं कुणी ठरवलं?" त्याचा जन्म ह्याच गावठाणातला. मी तोंड उघडलं आणि मला एक नाव काही सांगता येईना. सरकारनं म्हणावं तर ठरावावर आमच्या सह्या आहेत. आम्ही म्हणावं तर आम्हाला ते ठरवल्याचं आठवत नाही. तीस वर्षं मी ह्या घरात राहतो आणि हे कुणी ठरवलं ते मला सांगता येत नाही, ही गोष्ट चार दिवस डोक्यातनं जाईना.

आमची जुनी घरं माळवदाची. भिंती दगड-चिखलाच्या, दोन-अडीच हात रुंद. त्यात ज्वारीची बळदं. वर लाकडाच्या तुळया, तुळयांवर किलचन, त्यावर पाचोळा आणि त्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात अशा घरात पंखा लागत नाही. पण माळवद पावसाळ्यात गळतं. मग मृगाच्या आधी प्रत्येक जण गावाबाहेरच्या पांढरीतनं दोन गाड्या माती आणायचा, वर पसरायचा, चोपायचा. जुनी माती काढून नवी टाकावी असं म्हातारी माणसं सांगायची, पण जुनी काढायला मजूर लागतो. नवी टाकायला घरचीच पोरं पुरतात. माझ्या आज्यानं टाकली, आबांनी टाकली, मी पण टाकली. हातभराची दीड हात झाली. दर वर्षीचा निर्णय बरोबर होता. घर गळत होतं, माती टाकली, गळायचं थांबलं. कुठल्याही एका वर्षावर बोट ठेवून सांगता येणार नाही की इथं चुकलं. पण त्या छपराखाली आम्ही तीन पिढ्या झोपत होतो.

बरं, जमिनीनं आधी सांगितलं नव्हतं असंही नाही. १९९२ च्या पावसाळ्यापासनं किल्लारीच्या बाजूला हादरे बसत होते. रात्री फडताळातली भांडी वाजायची, जमिनीतनं बैलगाडी गेल्यासारखा आवाज यायचा. १८ ऑक्टोबर १९९२ चा हादरा त्यातल्या त्यात मोठा. माणसं अंगणात झोपायला लागली. काहींनी खळ्यावर ताडपत्री बांधली. पण पुढं थंडी पडली, ज्वारीची राखण आली, काढणी आली, उन्हाळ्यात लग्नं आली. माणूस किती दिवस भिणार? हळूहळू सगळे आत गेले. सरकारी नकाशात आमचा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आम्हाला ठाऊक होता, पण तो घाटातला, धरणाजवळचा. आमचं पठार म्हणजे काळा कातळ. ते कशाला हलतंय, असं शहाण्यांनाही वाटायचं अन आम्हालाही.

पुतण्याच्या पुस्तकात पुढच्या पानावर हर्बर्ट सायमन म्हणून एका अमेरिकेतल्या माणसाचं नाव होतं. त्यानं आयुष्यभर हाच अभ्यास केला. पोरानं मोबाईलवर आणखी शोधून दिलं. हा सायमन विद्यार्थी असताना, १९३५ साली, त्याच्याच गावच्या म्हणजे मिलवॉकीच्या कारभाराचा अभ्यास करायला गेला. प्रश्न साधा होता. मुलांच्या खेळाची मैदानं होती. पैसा मैदानाच्या डागडुजीवर घालायचा का मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसांवर? त्याला वाटलं होतं की कारभारी लोक हिशेब मांडून ठरवत असतील. तसं कुणीच करत नव्हतं. ज्याच्याकडं डागडुजीचं खातं, तो म्हणायचा डागडुजी. दुसऱ्या खात्याचा म्हणायचा माणसं. पुढं १९४७ साली त्यानं ह्यावर पुस्तक लिहिलं आणि १९७८ साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की माणसाची माहिती अपुरी, वेळ अपुरा, डोकं पण तेवढंच. म्हणून तो सगळ्यात चांगलं काय ते शोधत नाही. चालण्यासारखं दिसलं की थांबतो.

हे ऐकून मला हाळीचा बैलबाजार आठवला. बाजारात हजार बैल असले तरी आपण सगळे बघत नाही. दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. दहा-बारा झाले की एकाच्या पाठीवर हात पडतो, मग रुमालाखाली बोटं धरायची. घरी आल्यावर कुणी म्हणलं की यापेक्षा चांगला होता, तर आपण म्हणतो, असंल. हे सांगितल्याबद्दल नोबेल मिळतं हे मला माहीत नव्हतं.

पण भूकंपाच्या पहाटे ह्यातलं काहीच चालत नाही. तिथं दुसरा बैल बघायलाही वेळ नसतो.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून, ढोल ठेवून आम्ही चार-पाच जण एक वाजता आलो आणि मारुतीच्या कट्ट्यावरच आडवे झालो. आबा रानात वस्तीला होते. बायको लेकरांना घेऊन माहेरी, नळदुर्गला. आई घरात, ढेलजेत. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, हे मिनिट नंतर पेपरात वाचलेलं, कट्ट्यावरनं मी खाली फेकला गेलो. आधी आवाज, मग धूळ. त्या धुळीत चांदणं होतं तेही दिसेना. मला पहिल्यांदा वाटलं, गावात बॉम्ब टाकला.

आई वाचली होती. ढेलजेचा खांब उभा राहिला, भिंत बाहेरच्या बाजूला गेली. तिला ओढून काढलं तेव्हा ती बोलत होती, म्हणून तिला तिथंच बसवून आम्ही पुढं पळालो. बोळात दोन ढिगारे होते. उजव्या हाताला माझ्या चुलत्याचं घर, डाव्या हाताला शेजाऱ्याचं. चुलत्याच्या ढिगाऱ्यातनं चुलत बहिणीचा आवाज येत होता. शेजाऱ्याच्या ढिगाऱ्यातनं काही येत नव्हतं. आम्ही तिघं होतो, खोरं एक, टिकाव नाही. उजवीकडं वळलो. वळलो म्हणजे ठरवून नाही, पाय वळले. दोन तास लागले, बहीण निघाली, चुलता-चुलती निघाली नाहीत. उजाडल्यावर डाव्या ढिगाऱ्यातनं आवाज आला. लहान आवाज. आम्ही धावलो, दगड काढायला लागलो, आणि थोड्या वेळानं तो थांबला.

शेजारी त्या रात्री सोलापूरला होता. दुपारी आला. त्यानं मला कधीच काही विचारलं नाही. आम्ही दोघं पुढं गावच्या समितीत एका सतरंजीवर बसलो, तीस वर्षं पारावर एकत्र चहा पितो, पण हे बोलणं आमच्यात कधी झालं नाही. त्यानं कुठल्या शब्दात विचारावं आणि मी काय सांगावं?

अमेरिकेतल्याच गॅरी क्लाइन नावाच्या माणसाचं पोरानं वाचून दाखवलं. १९८० नंतर त्यानं आगीच्या बंबावरच्या नायकांच्या मुलाखती घेतल्या. त्याला वाटलं, जीव धोक्यात असताना हे लोक निदान दोन पर्याय तरी तोलत असतील. ते म्हणाले, आम्ही निर्णय घेतच नाही, आम्हाला दिसतं. मागं पाहिलेल्या आगीसारखी ही आग दिसली की हात आपोआप तसेच चालतात. शरद पवार त्यावेळी मुख्यमंत्री होते. त्यांनी नंतर बऱ्याच वेळा सांगितलेलं आहे की विसर्जन पार पडल्याची खबर घेत ते मुंबईत जागेच होते, खिडक्या हादरल्या, आणि त्यांनी पहिला फोन कोयनेला लावला. कोयनेलाच का? भूकंप म्हणलं की महाराष्ट्रात कोयना, हे त्यांनी आधी पाहिलेलं होतं. कोयनेत यंत्रं होती, म्हणून केंद्र लातूर जिल्ह्यात किल्लारीकडं आहे हे तिथूनच कळलं, आणि ते सकाळीच विमानानं निघून किल्लारीला पोचले. राजकारण म्हणून मी त्यांच्या बाजूचा असेन नसेन, पण त्या दिवशी माहिती गोळा करत मुंबईत बसले असते तर आमच्याकडं आलेलं सैन्य आणि डॉक्टर आणखी उशिरा आले असते. पुस्तकाच्या पायऱ्या तिथं मोडल्या ते बरं झालं.

पुढचे आठ दिवस पाऊस. सामुदायिक सरणं ओल्या लाकडांची. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, देशभरातनं आलेले. कुणी काय पाठवायचं हे ठरवलं असेल, पण नऊवारी नेसणाऱ्या बायांना पाठवलेल्या जीन पँटी पावसात भिजत होत्या. आठ-दहा हजार माणसं गेली होती दोन जिल्ह्यांत मिळून.

त्याच दिवसांत गाव उठवायचं ठरलं. कुणी ठरवलं, ह्या प्रश्नापाशी मी परत येतो. मला आठवतं ते असं. ताडपत्रीखाली बसलो होतो. कुणीतरी बातमी आणली की पडलेली गावं नव्या जागी वसवणार, पक्की घरं देणार. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. जुन्या जागेत पाय ठेवायची हिंमत नव्हती. तिथं वास होता, माणसं होती खाली. त्यावेळी आम्हाला कुणी विचारलं असतं की गाव चंद्रावर नेऊ का, तरी हो म्हणलो असतो. सरकारनं विचारलं आणि लोकांनी हो म्हणलं, हे कागदावर शंभर टक्के खरं आहे. पण घाबरलेल्या माणसाच्या होकाराला किती दिवस धरायचं, हे पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही.

मग अ, ब, क आले. जागतिक बँकेचं कर्ज मिळालं, १९९४ पासनं मोठा कार्यक्रम सुरू झाला. 'अ' म्हणजे गावच उचलून नव्या जागी, अशी ५२ गावं. 'ब' म्हणजे जुन्या जागेवरच नवीन बांधणी, ती २२. 'क' म्हणजे पडझड झालेल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुती, १३ जिल्ह्यांत मिळून जवळपास दोन लाख घरं. एवढ्या मोठ्या कामाला काहीतरी खाने पाडावेच लागतात, ते मला मान्य आहे. आम्हा शेतकऱ्यांना खान्यांची सवय आहे. त्यावेळी पैसेवारी ५० च्या खाली आली तर दुष्काळ धरायचे, ५१ आली तर नाही, मग बांधाच्या अलीकडं-पलीकडं पीक सारखंच जळालेलं असलं तरी. ह्या खान्यांचं पण तसंच झालं. 'क' मधल्या गावांना 'अ' मध्ये यायचं होतं. मोर्चे निघाले, उपोषणं झाली. शेजारचं एक गाव 'अ' मध्ये यावं म्हणून मुंबईपर्यंत जाऊन आलं. आज त्याच गावची माणसं म्हणतात, बरं झालं नाही आलो.

गावची समिती झाली. मी बत्तीस वर्षांचा, दहावी झालेला, सही चांगली, म्हणून मला घेतलं. आता आम्हीच कारभारी. पहिला निर्णय जागेचा.

पुस्तकाप्रमाणं तीन जागा पुढं आल्या. एक माळाची, मुरूम असलेली, पाया घट्ट पण पाणी लांब. दुसरी ओढ्याकडची. तिसरी डांबरी सडकेला लागून, पण काळी जमीन. आमच्यात म्हणच नाही तर रीत आहे की पांढरीत माणसानं राहायचं आणि काळीत पिकानं. काळी उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तिच्यावर भिंत धरत नाही. हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. तरी आम्ही तिसरी जागा निवडली. का? एक तर तिचा मालक जमीन द्यायला तयार होता, माळाचा तयार नव्हता. दुसरं, सडकेवर ट्रक येतात. तिसरं, आम्हाला निरोप होता की ह्या आठवड्यात जागा नक्की करा, नाहीतर घरं बांधून देणारी संस्था दुसऱ्या गावाला जाईल. तो निरोप खरा होता का कुणीतरी घाई करायला सोडलेली पुडी होती, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्या आठवड्यात तीन जागांचा नफा-तोटा कुणी मांडला नाही. चालण्यासारखी दिसली, तिथं थांबलो. पाया खोल घेतला, काँक्रीट घातलं, घरं उभी राहिली. माझ्या मागच्या भिंतीला दर उन्हाळ्यात एक भेग पडते, बोट जाईल एवढी. दर वर्षी मी ती भरतो.

दुसरा निर्णय घराच्या आकाराचा, तो वरनं ठरून आलेला. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सातच्या वर ७५०. ऐकायला नीट वाटतं. ज्याची जमीन जास्त त्याचा बारदाना जास्त, बैल जास्त, असा हिशेब केलेला असणार. पण ज्याच्याकडं जमीन नाही त्याच्याकडं माणसं कमी असतात असं थोडंच आहे? गावकुसाबाहेर सात माणसांचं कुटुंब २५० फुटांत आणि म्हातारा-म्हातारी ७५० मध्ये, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आमचा सातबारा आबांच्या एकट्याच्या नावावर, जमीन अकरा एकर. मधल्या भावाच्या बायकोनं विषय काढला की वाटण्या करून घ्या, घरं वाढतील. आबा म्हणाले, "भूकंपानं भिंती पाडल्या, तुम्ही घर पाडा आता." त्या रात्री कुणी जेवलं नाही. पण खरं सांगायचं तर त्या एका वर्षात आमच्या पट्ट्यात जेवढ्या वाटण्या झाल्या तेवढ्या आधीच्या वीस वर्षांत झाल्या नसतील. खोल्यांचं माप बसवणाऱ्याच्या मनातही हे नसणार.

तिसरा निर्णय नकाशाचा. तोच माझ्या जिवाला लागलेला आहे.

एका दुपारी पत्र्याच्या शेडपुढं सगळं गाव बसलं. इंजिनियर साहेब पुण्याकडचे, तरुण, बोलायला गोड. त्यांनी मोठा कागद टेबलावर पसरला. वहीत चौकटी असतात तशा रांगा, मधी तीस फुटी रस्ते, शाळा, दवाखाना, समाजमंदिर, बाग. गाव जेवढं होतं त्याच्या कितीतरी पट पसरलेलं. आम्ही बघत राहिलो. आमच्या बोळात समोरनं बैलगाडी आली तर माणसानं उंबऱ्यावर चढावं लागायचं, अन इथं दोन ट्रक जातील. साहेबांनी मनापासून विचारलं, "काही अडचण आहे का? सांगा, बदल करू." पुरुष पुढं बसलेले, बाया माग, शेडच्या सावलीला. कुणी काही बोलेना. कागदावरचं गाव आम्हाला वाचता येत नव्हतं, आणि येत नाही हे कबूल करायला लाज वाटत होती.

तेवढ्यात मागनं आईचा आवाज आला. "चूल कुठं हाय ह्यात? आन् जनावरं कुठं बांधायची?"

साहेबांनी मान वर केली. ते काही बोलायच्या आत मीच वळून म्हणलं, "आई, गप की जरा. मोठी माणसं बोलूलालीत."

काही जण हसले. आई गप बसली. अर्ध्या तासात ठराव झाला. माझी सही तिसऱ्या नंबरला आहे.

नवीन घरात ओट्यावर गॅस ठेवायची जागा होती, चुलीला धुराडं नव्हतं. गोठा नव्हता. कडबा ठेवायला जागा नव्हती, शेण टाकायला उकिरडा नव्हता, ज्वारीला ना बळद ना पेव. घरं ज्या क्रमानं चिठ्ठ्या निघाल्या त्या क्रमानं मिळाली, म्हणून एक भाऊ पहिल्या रांगेत आणि एक नवव्या. बाया उन्हात तीस फुटी रस्त्यावरनं घागर घेऊन जायच्या आणि म्हणायच्या, कुणाच्या दारात टेकावं तर सावलीच नाही. आबांनी बैल जुन्या गावाजवळच्या रानातच ठेवले. रोज संध्याकाळी जेवून ते कंदील घेऊन पावणेदोन किलोमीटर जायचे आणि बैलांजवळ झोपायचे. नवीन घरात ते दिवसाच तेवढे आले. २००६ साली वस्तीवरच गेले.

सायमनसाहेबानं माहिती अपुरी असते असं लिहिलं. आमच्या बाबतीत माहिती अपुरी नव्हती. ती शेडच्या सावलीला बसलेली होती, तिनं तोंडही उघडलं होतं. मीच तिला गप केलं.

ह्याच कार्यक्रमात दुसरीकडं वेगळं पण झालं, ते सांगितलं पाहिजे. माझी बहीण ज्या गावात दिलेली ते 'क' मध्ये. तिथं घराच्या पडझडीप्रमाणं १७ हजार ते ३४ हजार रुपये मिळायचे आणि काम मालकानं स्वतः करून घ्यायचं. सुरुवातीला लोकांना कळेना की माळवदावरची माती कमी करायची, कोपऱ्यांना आधार द्यायचा, भिंतीत आरपार जाणारे दगड घालायचे, ते कसं. मग स्वयम् शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या प्रेमा गोपालन आणि त्यांच्या माणसांनी गावोगाव संवाद सहायक म्हणून बायाच नेमल्या. गावातल्याच बाया. त्या घरोघर जायच्या, सिमेंटची पावती बघायच्या, गवंड्याला हटकायच्या. आमचे मेहुणे म्हणायचे, "बायका आता इंजिनियर झाल्या." पण बहिणीचं स्वयंपाकघर तिला पाहिजे तिथं झालं. पाहुणी म्हणून गेली की माझी आई तिथं तासभर बसायची, घरी आल्यावर काही बोलायची नाही. पुढं २६ जानेवारी २००१ ला कच्छात भूकंप झाला तेव्हा तिथं बहुतेक लोकांना पैसे देऊन आपापल्या जागेवर आपलं घर बांधू दिलं. किल्लारीचा अनुभव कारभाऱ्यांच्या डोळ्यापुढं होताच. पुस्तकातली शेवटची पायरी, आढावा घ्यायची, ती झाली म्हणायची. फक्त आमचा आढावा दुसऱ्यांच्या उपयोगी पडला.

नुसतं वाईटच सांगितलं तर खोटं होईल. ह्या घरात गेली तीस वर्षं आम्ही बिनघोर झोपतो. ट्रॅक्टर दारापर्यंत येतो. गावकुसाबाहेरचा शब्द नव्या गावात पुसट झाला, कारण कूसच राहिलं नाही, जरी रांगा कुणाच्या ते अजून सगळ्यांना ठाऊक आहे. पोरांना हेच गाव आवडतं, त्यांना जुन्या बोळांची आठवण नाही. पुतण्या म्हणतो, "आण्णा, तुम्ही त्यावेळी दुसरं काय करू शकला असता?" मी विचार करतो. जागेच्या बाबतीत काही नसतं केलं कदाचित. ढिगाऱ्याच्या बाबतीत तर नाहीच. नकाशाच्या बाबतीत एक वाक्य बोललो नसतो, एवढं करता आलं असतं.

आई आता नव्वदीला टेकली. त्या बैठकीबद्दल ती मला कधी बोलली नाही. नव्या घरात आल्यावर आठ दिवसांत तिनं मागच्या बाजूला, न्हाणीच्या भिंतीला लागून, जुन्या घराच्या चार तुळया आणि दोन पत्रे टाकून चूल मांडली. शेजारी दोन खुंट्या ठोकल्या, म्हशीसाठी. इंजिनियर साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं, पाडा म्हणाले नाहीत. परवा पुतण्याला घेऊन मी गच्चीवर गेलो आणि आमच्या रांगेकडं मागच्या बाजूनं बघायला सांगितलं. वीस घरं आहेत. वीसही घरांच्या मागं, न्हाणीला लागून, त्याच बाजूला, तसाच पत्रा आहे. संध्याकाळची वेळ होती, सगळ्या पत्र्यांमधनं धूर निघत होता.